तीनशे अंश – पण किती वेळ?

हार्डवेअरच्या एखाद्या मोठ्या दुकानात गेलात तर फळीवर उभ्या केलेल्या लाल रंगाच्या नळ्या नीट पाहा. नळीच्या आत टूथपेस्टसारखे दाटसर, चिकट लुकण असते. यंत्राच्या दोन भागांमधली किंवा गरम पेटीच्या पत्र्यांमधली फट बुजवायची आणि तिथून तेल, धूळ किंवा तापलेली हवा निसटू द्यायची नाही, हे त्याचे काम. त्याला उष्णता सहन करणारे सिलिकोन सीलंट म्हणतात. नळीवर ठळक अक्षरांत छापलेले असते: ३०० अंश सेल्सिअस. त्याखाली अगदी बारीक अक्षरांत आणखी चार ओळी असतात. त्या सहसा कोणी वाचत नाही. मीही वाचल्या नव्हत्या, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पावडर कोटिंगचा लहानसा कारखाना चालवतो. लोखंडी कपाटांची दारे, खिडक्यांच्या जाळ्या अशा वस्तूंवर रंगाची कोरडी पूड विद्युतभाराच्या साहाय्याने बसवायची आणि मग तो माल ओव्हनमध्ये ठेवून सुमारे २०० अंशांना भाजायचा, असे ते काम. पूड वितळते, पसरते आणि तिचे एकसंध कवच तयार होते. हा ओव्हन म्हणजे खोलीएवढी पत्र्याची पेटी. आतला पत्रा वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि दोहोंच्या मध्ये उष्णता अडवणारी खनिज लोकर. दाराच्या चौकटीपाशी, जिथे हे दोन पत्रे एकमेकांना भेटतात तिथे, फट पडली होती. गरम हवा बाहेर येई आणि गॅस जास्त जळे. "मॅडम, इथे कोणते सीलंट भरू?" असे त्याने फोनवर विचारले.

मी काय केले ते प्रामाणिकपणे सांगते. ओव्हन २०० अंशांचा, नळीवरचा आकडा ३०० चा. तीनशे हे दोनशेपेक्षा मोठे. "लाल सिलिकोन भर, शंभर अंशांची शिल्लक राहते," असे मी सांगून टाकले. ज्या फॅब्रिकेटरने तो ओव्हन बांधला होता तो तिथेच उभा असावा. फोनच्या मागून त्याचा आवाज ऐकू आला, "पण पत्रा हलतो ना!" मी ते मनावर घेतले नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन आला. फट बंद झाली होती, पण ओव्हनमधून निघणाऱ्या दारांवर देवीच्या व्रणांसारखे बारीक गोल खड्डे पडत होते. सगळा माल खरवडून पुन्हा रंगवावा लागला. त्यानंतर पंधरवड्यात ते लुकणही एका कडेने पत्र्यापासून सुटून आले. तापमानाचा आकडा बरोबर होता, आणि सल्ला मात्र पूर्णपणे चुकला होता.

ही चूक माझी होतीच. पण ती मला शिकवलेल्या आणि मी पुढे शिकवत आलेल्या एका सवयीतून आली, असे माझे मत आहे. आपण पदार्थांचे गुणधर्म तक्त्यांतून शिकतो. शिशाचा द्रवणांक ३२७ अंश. हा आकडा चोख आहे. शिसे पातळ तुकड्याचे असो की जाड लगडीचे, ३२७ अंशांना ते वितळणार, आणि ३०० अंशांना वर्षभर ठेवले तरी वितळणार नाही. अशा आकड्यांची सवय झाली की '३०० अंश सहन करते' हे वाक्यही आपण त्याच तक्त्यात नेऊन बसवतो. पण सहन करणे हा द्रवणांकासारखा गुणधर्म नव्हे. सहन करण्याला काळ लागतो, संगत लागते आणि आकार लागतो. या तिन्ही गोष्टी नळीवरच्या मोठ्या अक्षरांत नसतात.

आधी थोडे या पदार्थाविषयी. सिलिकॉन आणि सिलिकोन ही नावे सारखी वाटली तरी सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे, वाळूत आणि काचेत असणारे. तर सिलिकोन हे माणसाने बनवलेले संयुग आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव वापरात आणले. मौज अशी की प्रयोगात वारंवार तयार होणाऱ्या गोंदासारख्या चिकट पदार्थांचा किपिंग यांना कंटाळाच होता, आणि १९३७ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी आपल्या या शाखेत लवकर काही मोठी प्रगती होईल अशी आशा दाखवली नाही. १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रोशो यांना सिलिकोनचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर बनवण्याची कृती सापडली, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतील विद्युत जोडण्यांना ओलावा लागू नये म्हणून सिलिकोनचे मलम वापरलेही गेले.

साध्या रबराच्या रेणूचा कणा कार्बनच्या अणूंचा असतो. सिलिकोनच्या रेणूचा कणा म्हणजे सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन अशी लांबच लांब साखळी. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३५० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला सुमारे ४५०. साधे रबर जिथे चिकट होऊन फाटते तिथे सिलिकोन टिकते याचे मुख्य कारण हे. पण साखळीतील प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथिल गट लटकलेले असतात, आणि तापलेल्या हवेतला ऑक्सिजन त्यांच्यावर हल्ला करतो. गट जळून गेले की त्या जागी साखळ्या एकमेकींत अडकतात. लवचीक पदार्थ हळूहळू कडक होतो, त्याला चिरा पडतात, आणि फारच तापवला तर शेवटी पांढरी भुकटी उरते. ती भुकटी म्हणजे सिलिका, अर्थात वाळूचेच सूक्ष्म रूप. या जळण्याला आळा घालण्यासाठी त्यात लोह ऑक्साइड मिसळतात. आपल्या गेरूला ज्याच्यामुळे लाल रंग येतो तोच हा पदार्थ. लाल नळीचा लाल रंग तिथून आला. (आता केवळ रंग पाहून मात्र खरेदी करू नका. लाल रंग दुसऱ्या कशानेही देता येतो.)

हे जळणे अमुक अंशाला सुरू होते आणि त्याखाली होतच नाही, असे नाही. ते नेहमीच चालू असते. तापमानाबरोबर त्याचा वेग वाढतो. देवळात आरती झाल्यावर आपण ज्योतीवरून तळहात फिरवतो. ज्योतीचे तापमान हजार अंशांच्या वर असते, तरी हात भाजत नाही. तोच हात ज्योतीवर पाच सेकंद धरून पाहा म्हटले तर कोणी तयार होणार नाही. मग तळहात किती अंश सहन करतो, या प्रश्नाला काय उत्तर द्याल? किती वेळ ते आधी सांगा, असेच म्हणावे लागेल.

नळीवरच्या त्या बारीक ओळींत नेमके हेच असते. लाल सिलिकोनची अखंड वापराची मर्यादा बहुधा २५० अंशांच्या आसपास दिलेली असते, आणि ३०० चा आकडा असतो तो थोड्या वेळापुरता. साध्या पारदर्शक सिलिकोनची मर्यादा त्याहून खाली, साधारण १५० ते २०० अंश. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात, की दर १० अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. तो नेहमी तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला उपयोगी आहे. २०० वरून २५० अंशांवर जाणे म्हणजे पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. जो सांधा २०० अंशांना काही वर्षे टिकेल तो २५० अंशांना काही महिने टिकेल. दोन्ही तापमाने ठळक आकड्याच्या आतच आहेत, हे लक्षात घ्या.

ओव्हनचे तापमान आणि सांध्याचे तापमान एकच असते, हेही मी गृहीत धरले होते. पुढे आम्ही थर्मोकपल लावून पाहिले. आतली हवा २०० अंशांना असताना चौकटीच्या बाहेरच्या कडेला ९० अंशसुद्धा नव्हते. म्हणजे फट भरण्याची जागा चार बोटे बाहेर घेतली असती तरी लुकणाचे आयुष्य कितीतरी वाढले असते. याउलट भट्टीच्या बर्नरपाशी जिथे ज्योत थेट लागते तिथे कोणतेही सिलिकोन चालत नाही. तिथे सोडियम सिलिकेटपासून बनवलेले भट्टीचे सिमेंट वापरतात. ते १००० अंशांच्या वरही टिकते. पण ते दगडासारखे कडक असते. उष्णता सोसते, हालचाल सोसत नाही.

आणि आता त्या 'पत्रा हलतो' या तीन सेकंदांच्या वाक्याकडे येऊ. ते मी ऐकायला हवे होते, कारण रेषीय प्रसरणाची गणिते मी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवत आले आहे. आतला पत्रा २ मीटर लांब. सकाळी ३० अंश, दुपारी २०० अंश. फरक १७० अंश. पोलादाचा प्रसरणांक प्रति अंश ०.०००००१२ नव्हे, ०.००००१२ (शून्ये मोजताना परीक्षेत जशी चूक होते तशी लिहितानाही होते). २००० मिलिमीटर गुणिले ०.००००१२ गुणिले १७०, म्हणजे ४.०८ मिलिमीटर. बाहेरचा पत्रा मात्र फार तर ५० अंशांपर्यंत जातो. त्याची वाढ जेमतेम ०.४८ मिलिमीटर. धातू एकच, लांबी एकच, पण दोघांत रोज ३.६ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि रात्री ओव्हन थंड झाला की तो पुन्हा नाहीसा होतो. पत्रे मागच्या टोकाला घट्ट जोडलेले असतील तर ही सगळी हालचाल दाराशी येणार.

चांगले सिलिकोन आपल्या मूळ रुंदीच्या सुमारे चतुर्थांश इतके ताणले किंवा दाबले गेले तरी चालते. ३.६ मिलिमीटर हा चतुर्थांश हवा असेल तर फटीची रुंदी निदान १४ मिलिमीटर पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याने भरली होती ती फट ३ मिलिमीटरची होती. म्हणजे ३ मिलिमीटरच्या पट्टीला आपण रोज ३.६ मिलिमीटर हलायला सांगत होतो! ती सुटून आली यात नवल काहीच नाही. इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. फट जितकी बारीक तितके काम सोपे, अशी आपली समजूत असते. हलणाऱ्या सांध्याच्या बाबतीत बारीक फट हीच अवघड.

परीक्षेतल्या गणितात सळई नेहमी मोकळी असते. ती कोणाला जोडलेली नसते, कोणाला ढकलत नाही, ताणत नाही. तिची लांबी किती वाढली ते काढले की दोन गुण. कारखान्यात मोकळी सळई कुठेच नसते. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की त्याच गणिताला एक वाक्य जोडावे: ही सळई दुसऱ्या थंड सळईला चिकटवली आहे, मध्ये किती रुंद लवचीक पट्टी लागेल? विद्यार्थ्याला नवे सूत्र शिकावे लागत नाही, विचार मात्र नवा करावा लागतो.

सिलिकोनचे स्वतःचे प्रसरणही विसरून चालत नाही. ते पोलादाच्या सुमारे वीसपट आहे. १७० अंश तापले तर त्याचे आकारमान जवळजवळ सातव्या भागाने वाढते. आणि रबर दाबले तर आकार बदलते, आकारमान फारसे बदलत नाही. खोबण काठोकाठ भरून वर झाकण आवळले तर तापलेल्या सिलिकोनला जायला जागाच उरत नाही. ते झाकण उचलते किंवा बाहेर फुगून येते. याच कारणासाठी सांध्याच्या तळाशी लुकण चिकटू देत नाहीत. फटीत आधी एक दोरी दडपतात आणि तिच्यावर लुकण भरतात. मग लुकण दोन बाजूंनाच चिकटते आणि मध्ये मोकळेपणाने ताणले जाते. इमारतींच्या कामात ही दोरी फेसाळ प्लास्टिकची असते. गरम जागी ती वितळून जाईल, तिथे काचतंतूंची दोरी लागते.

सांध्याने हालचालीचा पाठलाग करायला हवा, आणि तोही वेळेत, याचे सर्वांत दुःखद उदाहरण २८ जानेवारी १९८६ चे आहे. तिथे प्रश्न उष्णतेचा नसून थंडीचा होता. अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मरण पावले. त्याच्या घन इंधनाच्या रॉकेटचे भाग जोडताना सांध्यात रबरी कड्या बसवलेल्या होत्या. त्या सिलिकोनच्या नव्हत्या, फ्लुओरिनयुक्त रबराच्या होत्या. रॉकेट पेटताच सांधा किंचित उघडतो, आणि कडीने क्षणाच्या आत फुगून ती फट भरून काढायची असते. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. थंड रबर पूर्ववत होते, पण सावकाश. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी नेमकी हीच भीती बोलून दाखवली होती. त्यांचे ऐकले गेले नाही. चौकशी आयोगाचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पुढे भर बैठकीत त्या रबराचा तुकडा शिकंजात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून शिकंजा सैल केला, आणि तुकडा लगेच पूर्ववत होत नाही हे सर्वांना दाखवले. पेलाभर पाण्यात झालेला हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगत होते. आणि तरीही फोनवर 'पत्रा हलतो' ऐकल्यावर मला त्याची आठवण झाली नाही.

आता ते खड्डे. हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे सिलिकोनने काहीही चूक केली नव्हती. सिलिकोनच्या लांब साखळ्यांबरोबर काही लहान रेणू राहून गेलेले असतात. चार-पाच सिलिकॉन अणूंची गोल कडी असे त्यांचे रूप. तापवल्यावर लांब साखळ्याही स्वतःभोवती वळून अशा कड्या तोडून टाकतात; बंध कितीही बळकट असला तरी हा मार्ग मोकळा असतो. या कड्या वाफ होऊन ओव्हनभर फिरतात आणि मालावर बसतात. सिलिकोनचा पृष्ठताण फार कमी, पाण्याच्या जेमतेम तीन दशांश. वितळलेल्या रंगाचा पृष्ठताण त्याहून जास्त. जिथे सिलिकोनचा अंश पडला तिथून रंग चहूबाजूंना ओढला जातो आणि मध्ये खड्डा पडतो. ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा आणि मधोमध साबणाचे बोट टेकवा. पूड कशी झटकन कडेला पळते ते दिसेल. ओव्हनमधल्या प्रत्येक दारावर हेच घडत होते. मोटारींच्या कारखान्यांत रंगकामाच्या विभागात सिलिकोनला मज्जाव असतो, तो याच कारणासाठी. रंगकाम करणाऱ्या माणसांना हे ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते, आणि मी विचारलेही नाही.

संगतीची उदाहरणे आणखीही आहेत. दाबाखालची गरम वाफ सिलिकॉन-ऑक्सिजन बंध पाण्याने तोडते, म्हणून कोरड्या हवेत २५० अंशांना टिकणारे सिलिकोन वाफेच्या नळाच्या सांध्यात त्याहून पुष्कळ कमी तापमानाला निकामी होते. पेट्रोलमध्ये ते फुगते. काही सिलिकोनांना घट्ट होताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसिटिक आम्लाचा. हे आम्ल तांब्यापितळेला आणि जस्ताच्या मुलाम्याला खाते, तेव्हा विद्युत जोडण्यांजवळ किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर आम्ल न सोडणारा, उदासीन प्रकार घ्यावा. नळी उघडल्यावर नाकाने केलेली ही परीक्षा फुकटची आहे.

लुकण निवडले, फट योग्य रुंदीची केली, तरी निम्मे काम उरतेच. पत्रा स्वच्छ हवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा तेलाच्या अदृश्य थराने माखलेला असू शकतो, आणि मग लुकण पत्र्याला न चिकटता तेलाला चिकटते. पारख सोपी आहे. पत्र्यावर पाणी सोडा. ते सलग पापुद्र्यासारखे पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन ओघळले तर तेल शिल्लक आहे. रॉकेलने पुसू नका, ते स्वतःच थर सोडून जाते. ॲसिटोन चालते, पण ते अतिशय ज्वालाग्राही आहे. ओव्हन पूर्ण थंड आणि बर्नर बंद असल्याशिवाय बाटलीचे झाकणसुद्धा उघडू नये. एका फडक्याने ओले करायचे आणि ॲसिटोन उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. नुसते वाळू दिले तर विरघळलेले तेल पुन्हा तिथेच बसते. गॅरेजमधले जाणते मिस्त्री इंजिनाच्या झाकणाला लुकणाची बारीकच रेघ ओढतात आणि बोल्ट आधी हाताने, मग काही वेळाने पान्याने आवळतात. जाड रेघ आत दाबली जाते, तिचे तुकडे तुटून तेलाच्या वाटेत अडकतात.

सर्वांत जास्त घाई होते ती वाळण्याच्या बाबतीत. 'वाळणे' हा शब्दही खरे तर चुकीचा आहे. हे लुकण हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते. कोकणातल्या पावसाळ्यात ते लवकर घट्ट होईल, विदर्भातल्या कोरड्या थंडीत उशिरा. वर साय धरते आणि आत सगळे ओलेच असते. पुढचा ओलावा त्या सायीतून झिरपून आत जाणार, आणि साय जाड होत जाईल तसा त्याचा मार्ग लांबत जाणार. याला विसरण म्हणतात, आणि विसरणात खोली ही काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या दिवशी ३ मिलिमीटर घट्ट झाले, तर ६ मिलिमीटरला दोन दिवस नव्हे, चार दिवस लागतात. ९ मिलिमीटरला नऊ. आमच्या चौदा मिलिमीटर रुंद सांध्याला निदान सात मिलिमीटर खोली हवी, म्हणजे साडेपाच दिवस. कारखान्यात साडेपाच दिवस ओव्हन बंद ठेवायला कोण तयार होईल? "उद्या सकाळी चालू करायचाय" हेच ऐकू येते. मग अर्धवट घट्ट लुकण तापते, आत अडकलेले वायू फुगतात, आणि सांधा अनारशासारखा जाळीदार होतो.

शेवटी त्या ओव्हनमधले सिलिकोन कणाकणाने खरवडून काढावे लागले. मालाशिवाय दोन दिवस ओव्हन तापवून आतला अंश घालवला. मग त्या फॅब्रिकेटरने आतल्या पत्र्याला लांबट भोके पाडली, पत्रा बाहेरच्या चौकटीवर चढता घेतला, मध्ये काचतंतूंची चपटी दोरी घातली, आणि बोल्ट असे बसवले की पत्रा सरकू शकेल. लुकण मुळीच वापरले नाही. ओव्हन त्यावर व्यवस्थित चालतो. मी पाहायला गेले तेव्हा त्याने सकाळी खडूने पत्र्यावर मारलेली खूण मला दुपारी दाखवली. ती चौकटीच्या कडेपासून चांगली साडेतीन मिलिमीटर पुढे आली होती. माझे गणित त्याच्या खडूशी जुळले याचा मला आनंद झाला. पण खडू आधी होता.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी. साध्या सिलिकोनची एक लहान नळी आणा आणि बाटल्यांच्या आठ टोपणांत ते काठोकाठ भरा. टोपण निदान एक सेंटिमीटर खोल असावे. खोलीतले तापमान रोज लिहून ठेवा. दर दिवशी एक टोपण मधोमध कापून वरून किती मिलिमीटर घट्ट झाले ते मोजा, आणि आलेखावर आडव्या अक्षावर दिवस व उभ्या अक्षावर खोलीचा वर्ग मांडा. बिंदू सरळ रेषेच्या जवळपास येतात का पाहा. दुसरा प्रयोग काचपट्ट्यांचा. दोन जोड्या घ्या; एक साबणाने धुतलेली, दुसरी केसाच्या तेलाचे बोट फिरवून पुसलेली. दोन्ही जोड्या सारख्याच लुकणाने चिकटवा, आठवडाभर ठेवा आणि तानकाट्याने ओढून कोणती किती बलाला सुटते ते नोंदवा. हात काचेपासून जपा, खिडकी उघडी ठेवा, आणि टोपणे कापण्याचे काम शिक्षकांकडे द्या. घट्ट सिलिकोनवरून ब्लेड फार पटकन घसरते.